गोड काढा

छत्रपती संभाजीनगर,
६ जानेवारी

आत्या,

डोक्यावरचा टॉवेल काढला आणि तशीच लिहायला बसले. पातेल्यातून अजून वाफ येते आहे. पाण्यात ओवा टाकला होता, त्यामुळे सगळ्या घराला तुझ्या स्वयंपाकघराचा वास लागलाय.

ताप गेला. डॉक्टर म्हणाले, फ्लूच होता, आता फक्त विश्रांती घ्या. ती कशी घ्यायची ते त्यांनी सांगितलं नाही. जिना चढताना भिंत धरावी लागते. भाताला चव नाही, चहाला चव नाही. स्वराली माझ्याआधी उठून खेळायला लागली. विश्वजितला काहीच झालं नाही. म्हणतो, “विषाणूलासुद्धा आवडनिवड असते.” असा नवरा तूच बघून दिलास.

तू एसटीच्या ड्रायव्हरजवळ दिलेली काढ्याची पुडी मिळाली. मी स्टँडवर पोचेपर्यंत त्याने ती गाडीच्या काचेला टेकवून ठेवली होती, देवाच्या फोटोशेजारी. ती आता संपत आली. आणखी पाठवशील का? मात्र फार कडू आहे गं. स्वराली पेला घेऊन बेसिनपाशी जाते, माझ्याकडे पाठ करते आणि रिकामा पेला आणून देते. मी काही विचारत नाही. यात काही गोड घालता येईल का?

फोन केला होता. श्रीरंगदादाने तुझ्या कानाशी धरला. तू म्हणालीस, “कोण, वीज मंडळ?” आणि ठेवून दिलास. तेव्हा आपलं पत्रच बरं.

तुझी,
मृण्मयी


सोयगाव,
९ जानेवारी

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

वीज मंडळाचं श्रीरंगनं सांगितलं. तो हसला, सूनबाई हसली. मी पण हसले, पण थोडं उशिरा. आधी त्यांना मला मोठ्यानं सांगावं लागलं.

पुडी पाठवते आहे. अडुळसा, गुळवेल, सुंठ, मिरी, वाळवलेली तुळस, अन् घशासाठी चिमूटभर ज्येष्ठमध. पेलाभर पाण्यात चमचाभर घाल, पाणी निम्मं होईस्तोवर उकळ. सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर. पुढं नाही. पोरीला निम्मा.

ताप गेल्यावरचा थकवा काढ्यानं जात नाही, जेवणानं जातो. ज्वारीच्या कण्या मऊ शिजव अन् ताकाबरोबर खा. मुगाचं कढण घे, वरून तूप सोड. केस धुऊ नको. दुपारी झोप. झोपायची लाज वाटत असेल तर दार लावून झोप.

कडू आहे ते कडूच राहू दे. फार तर कोमट झाल्यावर थोडा मध घाल. कडू असतं म्हणून माणूस गरजेपुरतंच पितं.

अन् ही पुडी दुसऱ्या कुणाला देऊ नको. मी त्यांचे पाय पाहिलेले नाहीत. तुला ठाऊक आहे, खोकला असो, ताप असो, मी आधी पाय बघते. अंगठ्यानं दाबल्यावर खड्डा पडला अन् तो लवकर भरला नाही, तर त्या माणसाला माझ्याकडं औषध नाही. त्यानं दवाखान्यात जावं. परवा गल्लीतली गोजरबाई खोकत आली. माझ्याच बरोबरीची आहे, तोंड मात्र तरण्या पोरीचं. ओसरीवर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “सर्दी नाकात अन् ही बाई बघती पायाकडं! देवळात जावं तसं पाय धुऊन यावं लागतं हिच्याकडं.” मला ऐकू आलं नाही. मी तिला परत म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा म्हणताना तिलाच लाज वाटली.

तुझी,
आत्या


छत्रपती संभाजीनगर,
२४ जानेवारी

आत्या,

थकवा गेला. सोमवारपासून कामावर जाते. वाळूजला पोचेपर्यंत कंपनीच्या बसमध्ये झोप लागते, एवढंच. कण्या खाल्ल्या, कढण प्यायले, दार लावून झोपले.

स्वराली आता काढा मागून पिते. मी थोडा गोड केला. आमच्याकडे हर्सूल तलावावरून सकाळी गार वारा येतो, त्यामुळे सोसायटीत घरोघर खोकला आहे. एक-दोघांनी आमच्याकडे चव पाहिली आणि त्यांना आवडला. वरच्या मजल्यावर तात्यासाहेब राहतात. गावाकडे मोठी शेती, आता मुलाकडे, सुदर्शनकडे असतात. तेही फ्लूमधून उठलेत. त्यांची सून मोनिका काल जिन्यात म्हणाली, “मृण्मयीताई, आमच्या तात्यांनी चहा सोडला. म्हणतात, मृण्मयीचा काढा द्या.” सोसायटीच्या ग्रुपवर आता ‘मृण्मयीचा काढा’ असंच नाव पडलं आहे. मला हसू येतं.

पाय कुणाचे बघू, आत्या? इथे लोक बूट घालून दारात उभे राहतात आणि तसेच जातात.

थोडी जास्त भुकटी पाठवशील का?

तुझी,
मृण्मयी


सोयगाव,
२८ जानेवारी

चि. मृण्मयीस आशीर्वाद.

जास्त पाठवत नाही. सर्दीवर असू दे म्हणून एक पुडी देते आहे, ती तुझी अन् पोरीची. तुम्ही बऱ्या झालात, मग हवा कशाला?

गोड केला म्हणजे कशानं केला? तात्यासाहेबांचं वय काय? ते आणखी कुठल्या गोळ्या घेतात? काढा चहासारखा आवडायला लागला की तो बंद करायचा असतो, हे त्यांच्या सुनेला सांग.

एवढ्याची उत्तरं दे. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

आत्या


सोयगाव,
१० फेब्रुवारी

चि. मृण्मयी,

उत्तर आलं नाही. रोज गाडीच्या वेळेला श्रीरंग चौकात जातो, ड्रायव्हर मान हलवतो. कामात असशील.

स्वरालीसाठी तिळाच्या वड्या देते आहे.

आत्या


छत्रपती संभाजीनगर,
१९ फेब्रुवारी

आत्या,

वड्या मिळाल्या. उत्तर लिहायचं राहून गेलं. आज लिहिते आहे ते चांगलं नाही.

तात्यासाहेब परवा न्हाणीघरात पडले. उठायला गेले तर पायात जोर नव्हता म्हणे. डाव्या हाताचं मनगट मोडलं. दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा पोटॅशियम फार खाली गेलेलं आणि रक्तदाब फार वर. छातीचे ठोकेही चुकत होते. पायांवर सूज होती. डॉक्टरांनी विचारलं, आणखी काय काय घेता? मीही तिथेच होते. मोनिकाने पिशवीतून काढ्याच्या भुकटीची बरणी काढली. डॉक्टरांनी वास घेतला, चिमूट जिभेवर ठेवली. म्हणाले, ज्येष्ठमध पोटात फार गेलं की असं होतं, आणि हे तर रक्तदाबासाठी पाण्याची, लघवी वाढवणारी गोळीही घेतात. आता धोका टळला आहे. सुदर्शन माझ्याशी बोलत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, हा काढा कोणाचा? मी सांगितलं, सोयगावहून आमची आत्या पाठवते.

तू मनाला लावून घेऊ नकोस. मागच्या पुडीत मला ज्येष्ठमध जरा जास्त वाटलं होतं, पण मी बोलले नाही. तू डोळ्यांचं ऑपरेशन पुढे पुढे ढकलतेस. या वयात हात चुकू शकतो. इथे तुला कोणी दोष देत नाही.

मृण्मयी


सोयगाव,
२३ फेब्रुवारी

चि. मृण्मयीस आशीर्वाद.

पत्र सूनबाईकडून वाचून घेतलं नाही. भिंग घेऊन मीच वाचलं. ‘पायांवर सूज’ तिथं थांबले, मग पुढं वाचलं.

डबे खाली काढले. उजेडात बसून कागदावर ज्येष्ठमधाची चिमूट ठेवली, शेजारी दुसरी, शेजारी तिसरी. मला सगळ्या सारख्या दिसल्या. पण मला सारख्या दिसतात, यावर आता काय विश्वास ठेवायचा? श्रीरंगला बोलावणार होते. नाही बोलावलं. तो काय म्हणेल ते मला ठाऊक होतं.

एवढी वर्षं हातानं मोजून दिलं. हात कधी चुकायला लागला ते हातानं सांगितलं नाही.

तुला जास्त वाटलं होतं तर तेव्हाच लिहायचं होतंस. पण तू मोठ्या माणसाचं मन राखलंस, ते मी समजू शकते.

गोजरबाईचा खोकला परत आला आहे. काल ओसरीवर येऊन बसली, आपण होऊन पाय पुढं केले. मी म्हणाले, माझ्याकडं औषध नाही. “का, हाताला मेंदी लावलीय व्हय?” म्हणाली. मी आत निघून आले. ती बराच वेळ बसून होती.

सोबत तात्यासाहेबांना पत्र दिलं आहे. ते त्यांच्या हातात दे. चष्मा जवळ नसेल तर वाचून दाखव. मधलं काही गाळू नको.

आत्या


(सोबतचं पत्र)

तात्यासाहेबांस सोयगावच्या यमुनाबाईचा नमस्कार.

मी मृण्मयीची आत्या. तुम्हाला झाला तो त्रास माझ्या हातून झाला. मी तुम्हाला कधी पाहिलं नाही अन् माझं औषध तुमच्या पोटात गेलं. मला कमी दिसतं हे ठाऊक असून मी पुडी बांधली.

मी क्षमा मागते. तुम्ही द्याल म्हणून मागत नाही. मागायलाच हवी म्हणून मागते.

मुलीला बोल लावू नका. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच तिचं चुकलं.

यमुनाबाई


छत्रपती संभाजीनगर,
१ मार्च

आत्या,

तात्यासाहेब घरी आले. तुझं पत्र दिलं. त्यांनी चष्मा पुसून ते सावकाश वाचलं. म्हणाले, “वय झालं की पाय घसरायचाच. त्यात त्या माउलीचा काय दोष?” तुला नमस्कार सांगितला आहे.

तेव्हा आता हा विषय पुरे. जेवत जा. स्वराली विचारते, आजी कधी येणार?

मृण्मयी


सोयगाव,
७ मार्च

चि. मृण्मयीस आशीर्वाद.

त्यांचं मन मोठं. माझं समाधान झालं नाही, पण तो माझा प्रश्न आहे, त्यांचा नाही.

डबे रिकामे केले. खलबत्ता गोजरबाईच्या सुनेला दिला, तिला लसूण कुटायला हवा होता. गोजरबाईचा खोकला छातीत उतरला. श्रीरंगनं तिला गाडीवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. आता उतार आहे. माझ्या दारावरून जाते ती पलीकडं तोंड करून. तिचं बरोबर आहे. मी तिला कारण सांगितलंच नाही. सांगायला गेले असते तर गल्लीला कळलं असतं, अन् ते मला नको होतं. म्हणजे मी तिच्या खोकल्यापेक्षा माझं नाव जपलं.

काल कढीत मीठ घातलं की नाही ते आठवेना. आठवत नव्हतं असं नाही, घातलं होतं हे ठाऊक होतं, पण भरवसा वाटेना. सूनबाईला चव बघायला सांगितलं. ती म्हणाली, बरोबर आहे. मग जेवताना श्रीरंगच्या तोंडाकडं बघत बसले, तो खोटं तर खात नाही ना. आता देवापुढचा दिवाही सूनबाईच लावते. मीच सांगितलं. श्रीरंग म्हणतो, “बरं झालं आई, आता निवांत बस.” मी बसते. सकाळी बसते, दुपारी बसते. लोक येतात, सूनबाई दारातच सांगते की आत्या आता देत नाहीत. मला ऐकू येत नाही, पण त्यांच्या पाठी दिसतात.

डोळ्यांच्या ऑपरेशनचंही राहू दे म्हणाले. बघून आता करायचं काय?

स्वरालीला पापा.

आत्या


छत्रपती संभाजीनगर,
१२ मार्च

आत्या,

तुझी पुडी बरोबर होती.

तुझ्या सगळ्या पुड्या मी आणि स्वरालीनेच संपवल्या. तात्यासाहेबांच्या पोटात गेला तो काढा मी केला होता. शहागंजातल्या जडीबुटीच्या दुकानातून जिनसा आणल्या. कडू आहे म्हणून अडुळसा कमी केला आणि ज्येष्ठमध मुठीने घातलं. गोड झाला. लोक मागायला लागले. मी बरण्या भरून दिल्या, वर चिठ्ठी चिकटवली, ‘दिवसातून कितीही वेळा’. आठवडाभरच घ्या, असं कुणाला सांगितलं नाही. तात्यासाहेब महिनाभर चहाऐवजी तोच पीत होते. तू वय विचारलंस, गोळ्या विचारल्यास, तेव्हा मी जिना चढून विचारू शकले असते. वर गेले असते तर त्यांनी आणखी एक बरणी मागितली असती आणि मला ते आवडलं असतं. लोक मागतात हे मला फार आवडत होतं.

पुडीत जास्त वाटलं होतं, हे खोटं. डॉक्टर माझ्याकडे बघत होते, मोनिका बघत होती, सुदर्शन बघत होता. तोंडातून तुझं नाव गेलं. घरी आल्यावर ते नाव परत घ्यायचं सोडून मी तुझे डोळे पुढे केले. सोसायटीतही सांगितलं की सोयगावहून आलेल्या एकाच पुडीत बिघाड होता, बाकी काढा चांगला आहे.

तुझं पत्र त्यांना दिलं नाही. ते माझ्या ऑफिसच्या पर्समध्ये आहे. तात्यासाहेब जे म्हणाले ते मी रचलं. चष्मा पुसला तेही मी रचलं.

‘तिनं माझ्यावर विश्वास ठेवला’ हे वाक्य मी बसमध्ये वाचलं. पुढचा स्टॉप येईपर्यंत कुणाकडे बघितलं नाही.

डबे परत भर. खलबत्ता परत आण. दिवा तू लाव.

मृण्मयी


सोयगाव,
१६ मार्च

मृण्मयी,

पत्र वाचलं.

पहिल्यांदा आनंद झाला. खोटं कशाला बोलू? माझा हात बरोबर होता. सूनबाईला हाक मारून चहा टाकायला सांगितला. ती बघतच राहिली, किती दिवसांत मी काही मागितलं नव्हतं. दोन घोट घेतले अन् ध्यानात आलं की तिकडं एक माणूस हात मोडून बसलंय अन् मला इथं चहा गोड लागतोय. कप खाली ठेवला. तुझ्या आधी मला माझीच लाज वाटली.

दुसरं. मला फार शहाणी करू नको. पाण्याची गोळी अन् ज्येष्ठमध यांचं वैर आहे हे मला ठाऊक नव्हतं. तात्यासाहेबांचे पाय मी पाहिले असते, सूज दिसली असती तर दवाखान्यात जा म्हटलं असतं. सूज दिसली नसती तर मीही त्यांना पुडी बांधून दिली असती, अन् त्यातही चिमूटभर ते होतंच. तेव्हा इथून पुढं पायांबरोबर गोळ्याही बघायच्या. श्रीरंगला सांगितलं आहे की पाकिटावरची नावं तूच वाचून दे.

आता तुझं. लोकांना आवडला तोवर काढा मृण्मयीचा. दवाखान्यात गेला तसा आत्याचा. हे मी विसरणार नाही. तू माझ्या भावाची मुलगी आहेस हेही विसरणार नाही. दोन्ही राहील. त्यातलं एक दुसऱ्यानं पुसलं जाईल अशी आशा धरू नको.

एक गोष्ट तू लिहून गेलीस अन् तुला कळलीही नाही. एकाच पुडीत बिघाड होता, बाकी काढा चांगला, असं तू सगळ्यांना सांगितलंस. म्हणजे बाकीच्या बरण्या अजून घरोघर आहेत. म्हणजे लोक अजून पीत आहेत. त्यांच्यात कुणी म्हातारं असेल, कुणी गरोदर असेल. तुला रडायला वेळ आहे, त्यांना नाही.

मला सांगून काही उपयोग नाही. मी लांब आहे, बहिरी आहे, तुझी आहे. मला सांगणं सोपं होतं. ज्यांना सांगायचं ते वरच्या मजल्यावर राहतात. आधी त्यांना सांग, मग सगळ्या सोसायटीला. तोंडानं सांग. ते झाल्याशिवाय गाडीत पत्र देऊ नको, मी श्रीरंगला चौकात पाठवणार नाही. माझं तात्यासाहेबांना लिहिलेलं पत्र फाडून टाक. ते खोटं आहे.

गोजरबाईकडं स्वतः गेले. औषध का दिलं नाही ते सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही, एवढंच म्हणाले की मला माझा भरवसा वाटेना. ती म्हणाली, “मग मला सांगायचं व्हतं की! मी तुझ्यापुढं बसून मोजलं असतं.” खलबत्ता मागितला तर सुनेनं काखेत धरूनच बाहेर आणला. गोजरबाई म्हणाली, “घासून घे लई वेळा. न्हाईतर तुझ्या काढ्याला फोडणीचा वास येईल.”

डोळ्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात करून घेते. ते तेवढं तू खरं बोलली होतीस.

आत्या


छत्रपती संभाजीनगर,
१८ मार्च, संध्याकाळ

आत्या,

तुझं पत्र दुपारी आलं. स्टँडवरच वाचलं.

हे पत्र गाडीत देणार नाही, आधी लिहून ठेवते आहे. घरी आले आणि तशीच जिन्याकडे गेले. वरच्या दारातून टीव्हीचा आवाज येत होता, मोनिका कुणाशी तरी हसत होती. मी मधल्या पायऱ्यांवर थांबले. वरून सुदर्शन आला. मला बघून बाजूला झाला, वाट दिली. मी म्हणाले, “कचरा टाकायला निघाले होते.” माझ्या हातात काही नव्हतं. तो खाली गेला, मी घरात आले.

ग्रुपवर लिहायला घेतलं. ‘नम्र विनंती, काही कारणास्तव काढा घेऊ नये.’ वाचलं आणि पुसलं. काही कारणास्तव! अजूनही मला नाव राखूनच सांगायचं आहे.

विश्वजितला सगळं सांगितलं. तो विनोद करेल असं वाटलं होतं. त्याने भांडी घासायला घेतली. नंतर म्हणाला, “मी येऊ बरोबर?” नको म्हटलं. तो आला असता तर मी अर्धं त्याच्याकडे बघून बोलले असते.

तुझं ते पत्र फाडलं. आपल्या घरी उरलेली भुकटी फेकली. स्वरालीने विचारलं, “चांगला होता ना तो?” मी म्हणाले, “नाही, आईने बिघडवला होता.” ती म्हणाली, “मग लोकांना सांग ना.”

उद्या सात वाजता तात्यासाहेब उठलेले असतात.


१९ मार्च

सकाळी वर गेले. मोनिकाने दार उघडलं, हातात चहाची गाळणी होती. तात्यासाहेब गॅलरीत बसले होते, हात गळ्यात बांधलेला. मी उभ्यानेच सांगितलं. जिनसा मी आणल्या, मुठीने मी घातलं, चिठ्ठी मी लिहिली, आत्याची पुडी तुमच्या घरात कधी आलीच नाही. डॉक्टरांपुढे मी खोटं बोलले. सगळं सांगून झालं.

मोनिका म्हणाली, “हे दवाखान्यात सांगायचं होतं, ताई. डॉक्टर दोनदा विचारत होते, किती घातलंय.”

तात्यासाहेब म्हणाले, “त्या बाईंना कळवलं का?” मी हो म्हणाले. “मग जा आता,” म्हणाले. मोनिकाने दार लावलं.

मी प्रत्येक मजल्यावर गेले. दोन घरांत कुलूप होतं, म्हणून ग्रुपवरही सगळं नावानिशी लिहिलं. स्वरालीला शाळेच्या रिक्षात बसवून वर आले, तेव्हा आमच्या दाराबाहेर बरण्या आणून ठेवलेल्या होत्या. कुणी बेल वाजवली नव्हती. एका बरणीत तळाला चमचाभर भुकटी उरली होती, आणि चमचा आतच होता, अजून ओला.